घरी राहिलेल्यांची आठवण



मैत्री, प्रमोद, कारुण्य आणि माध्यस्थ्य या चार भावनांपैकी प्रमोदभावना ही सांगायला सर्वांत सोपी आणि आचरायला फार अवघड. दुसऱ्याचा गुण दृष्टीस पडताच आपले मन प्रसन्न व्हावे आणि त्या प्रसन्नतेत मत्सराचा किंवा हिशेबाचा लवलेशही नसावा, एवढीच तिची अपेक्षा असते. साधू-साध्वींच्या कालधर्मानंतर आपल्याकडे गुणानुवाद सभा भरते, तेव्हा या भावनेचे दर्शन घडते. महाराजसाहेबांचा विहार, त्यांचा स्वाध्याय, त्यांनी कोणत्या गावी कोणता चातुर्मास केला, कोणाला कोणत्या शब्दांत समजावले, हे सारे बारीकसारीक तपशील लोक तोंडपाठ असल्यासारखे सांगतात.

गृहस्थ जातो तेव्हा काय होते? आपल्याच मासिकाचे श्रद्धांजलीचे पान काढून पाहावे. स्वर्गस्थ मनमिळाऊ होते, धर्मपरायण होते, दानशूर होते आणि अर्थातच कुटुंबवत्सल होते. खाली पुत्र-पौत्रांची नावे, शेवटी पेढीचे नाव. यातले काहीही खोटे नसते. परंतु पान उलटल्यावर त्यातला कोणता गृहस्थ कोणता, हे सांगता येत नाही. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसताना ते काय करीत? पुस्तक वाचीत, की गल्ल्याच्या वहीच्या मागच्या पानावर कोडी सोडवीत? आवाज चांगला होता म्हणून स्तवन म्हणायला त्यांनाच पुढे करीत का? मुलांवर रागावत, तेव्हा कसे रागावत? ‘कुटुंबवत्सल’ या एका शब्दाखाली हे सारे गाडले जाते. दहा वर्षांनी नातवंडांना आजोबांचे नाव आणि भिंतीवरचा फोटो एवढेच ठाऊक असते.

म्हणून या महिन्यात दोन गृहस्थांचे स्मरण करावयाचे योजले आहे. दोघांचीही मुळे रायगड जिल्ह्यात, म्हणजे जुन्या कुलाबा जिल्ह्यात आहेत. एक पेणकडचे, दुसरे रोह्याचे. दोघेही जन्माने जैन नव्हेत. प्रमोदभावना तसे काही विचारीत नाही. दोघेही नाना विषयांत रमणारे होते, दोघांनाही पत्नीवियोग झाला, आणि त्यानंतरचे आयुष्य दोघांनी फार वेगवेगळ्या रीतीने, पण तितक्याच ताठ मानेने काढले. त्यातील एकाचे नाव देशाला माहीत आहे. दुसऱ्याचे नाव आपण सगळे घेतो, परंतु ते घेतो आहोत याचे भान आपल्याला नसते.

पेण म्हटले की आपल्याला गणेशमूर्तींचे कारखाने आठवतात, पोहे-पापड आठवतात. त्याच तालुक्यात डोंगरांच्या कुशीत गागोदे बुद्रुक नावाचे लहानसे गाव आहे. ११ सप्टेंबर १८९५ रोजी तेथील भाव्यांच्या घरात विनायक जन्मला, जो पुढे विनोबा झाला. विनोबांचे ऋण आपला समाज विसरलेला नाही. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाणवर्षाच्या निमित्ताने जैनांच्या सर्व संप्रदायांना मान्य होईल असा एक ग्रंथ व्हावा, हा ध्यास विनोबांनी घेतला होता. त्यांच्या प्रेरणेने जिनेंद्र वर्णीजींनी गाथा संकलित केल्या, १९७४ मध्ये दिल्लीत सर्व परंपरांच्या मुनींची आणि विद्वानांची संगीती भरली, आणि ७५६ गाथांचे ‘समणसुत्तं’ सिद्ध झाले. ज्या चार पंथांचे एकमेकांशी साध्या तिथीवरही एकमत होत नाही, त्यांना एका पुस्तकाभोवती बसवण्याचे काम पेण तालुक्यात जन्मलेल्या एका अजैन ब्रह्मचाऱ्याने केले, हे नवलच.

परंतु आज बोलायचे आहे ते त्यांच्या घराविषयी. विनोबांच्या आठवणी ‘अहिंसा की तलाश’ या हिंदी पुस्तकात संकलित झाल्या आहेत. त्यांत आजोबा शंभूराव भावे येतात. एकदा शंभूराव पूजेला बसलेले असताना देवाच्या मूर्तीवर एक विंचू येऊन बसला. घरात आरडाओरड झाली, मारा, मारा म्हणून सगळे धावले. शंभूरावांनी सर्वांना थोपवले. विंचू देवाच्या आश्रयाला आला आहे, त्याला कोणी हात लावायचा नाही, असे त्यांनी सांगितले आणि गंध, फुले, नैवेद्य असा पूजेचा सारा क्रम शांतपणे पार पाडला. थोड्या वेळाने विंचू आपल्या वाटेने निघून गेला. अभयदान या शब्दावर आपण पुष्कळ व्याख्याने ऐकतो. लहान विनायकाने ते देवघरात, डोळ्यांदेखत पाहिले.

घरच्या फणसाचीही एक आठवण आहे. फणस पिकला की तो आधी शेजाऱ्यांकडे पोहोचायचा. आई रुक्मिणीबाई गरे द्रोणांत घालून मुलाच्या हाती देत आणि घरोघर पाठवीत. घरच्यांनी खायचे ते त्यानंतर. अतिथिसंविभाग हे श्रावकाचे बारावे व्रत आहे. कोकणातल्या त्या घराने त्याला कोणतेही नाव दिलेले नव्हते.

विनोबांचे वडील नरहर शंभूराव भावे नोकरीनिमित्त बडोद्यास असत. शिक्षण आणि पिंड शास्त्रज्ञाचा, विषय रंगांचा. कापडावर रंग कसा चढतो, कसा टिकतो, कशाने विटतो, याचे प्रयोग हा त्यांचा व्यवसाय होता आणि छंदही होता. सुट्टीत ते गागोद्यास येत. एका दिवाळीला बाबा येणार आणि खाऊ आणणार म्हणून विनायक वाट पाहत बसला होता. बाबा आले, त्यांनी एक पुडके मुलाच्या हाती ठेवले. ते चपटे आणि चौकोनी होते. लाडू असते तर गोल लागले असते. मुलाने मनाशी अंदाज केला की बर्फी असावी. कागद सोडवला तर आत मुलांसाठी लिहिलेली दोन पुस्तके निघाली, रामायण आणि महाभारत. मुलाने ती आईला नेऊन दाखवली. आईचे डोळे भरून आले आणि बाबांनी आणलेल्या या खाऊपेक्षा चांगला खाऊ दुसरा असू शकत नाही, असे ती म्हणाली. विनोबा म्हणतात, त्या खाऊची गोडी पुढे कधीच सुटली नाही.

श्रद्धांजलीच्या पानावर एवढे छापून आपण थांबलो असतो. विनोबा थांबत नाहीत. वडील फार शिस्तीचे होते आणि ते मारीत, हेही त्यांनी सांगितले आहे. तो मारही शास्त्रज्ञाचाच, अंगाला इजा होणार नाही याची काळजी घेऊन दिलेला! एक दिवस मार मिळाला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मुलाला चुकल्या-चुकल्यासारखे झाले. मागाहून त्याच्या लक्षात आले की आपल्याला सोळावे वर्ष लागले आहे. मुलगा सोळा वर्षांचा झाला की त्याच्याशी मित्राप्रमाणे वागावे हे मनूचे वचन वडिलांनी अक्षरशः पाळले होते. आज मुलांना मारणे कोणी समर्थनीय मानणार नाही, मीही मानीत नाही. परंतु ही आठवण वाचली की नरहरपंत आपल्यासमोर उभे राहतात. नुसत्या विशेषणांनी कोणी उभा राहत नाही. गुण सांगताना माणसाचा कडू भाग झाकून ठेवला, तर गुणही खोटे वाटू लागतात.

या घराचे पुढे काय झाले ते पाहा. २५ मार्च १९१६ रोजी इंटरमीजिएटच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला विनायक वाटेत सुरतेस उतरला आणि काशीकडे गेला. तो पुन्हा घरी राहायला परतला नाही. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत रुक्मिणीबाई गेल्या. मागचे दोघे भाऊ, बाळकोबा आणि शिवाजी, हेही थोरल्याच्या वाटेने गेले. तिघेही आजन्म ब्रह्मचारी राहिले. एका घरातून तीन मुलगे निघाले. जगाने त्या तिघांना वंदन केले, आणि ते योग्यच होते.

बडोद्याच्या घरात मागे राहिले ते वडील. रुक्मिणीबाईंच्या मागे ते जवळजवळ तीन दशके जगले. १९४७ मध्ये त्यांचे निधन झाले. या वर्षांत त्यांनी काय केले? रंगांचे प्रयोग तर होतेच. त्यांखेरीज ते उतारवयात संगीताकडे वळले. एका मुसलमान गुणीजनाकडे शिष्यभावाने बसले, तासन्‌तास अभ्यास केला. जुन्या उस्तादांची विद्या त्यांच्याबरोबर लुप्त होऊ नये या तळमळीने त्यांनी मृदंगवादनाची आणि ठुमरीची पुस्तके स्वतः छापून काढली. मुले घरात नाहीत, पत्नी नाही, वय उतरणीला लागलेले; अशा वेळी बहुतेक माणसे खिडकीत बसून रस्ता पाहत असतात, किंवा आलेल्या-गेलेल्याला मुलांच्या कागाळ्या सांगत असतात. नरहरपंत मृदंगाचे बोल लिहून घेत होते.

आपल्या समाजात दीक्षेचा सोहळा किती थाटाचा असतो हे सांगायला नको. वरघोडा निघतो, वर्षीदान होते, दीक्षार्थीचे आई-वडील रथात बसलेले असतात, आणि ‘धन्य ते माता-पिता’ अशा घोषणा होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मंडपवाला खांब उपटून नेतो. तिसऱ्या दिवशी ते धन्य माता-पिता आपल्या घरात दोघेच असतात, आणि मुलीच्या खोलीतले कपाट उघडावे की नाही याचा त्यांना निर्णय करता येत नाही. मी दीक्षेच्या विरोधात एक अक्षरही लिहीत नाही. त्यागाचे मोल कमी करण्याचा अधिकार माझ्यासारख्या संसाऱ्याला नाही. त्या घरी नंतर कोण जाते, एवढेच विचारतो. संयमाच्या मार्गावर गेलेल्यांच्या चातुर्मासाची पत्रिका आपल्याला येते. मागे राहिलेल्यांची खबर कोणत्या पत्रिकेत छापून येते?

गागोद्याला विनोबांचे जन्मस्थान पाहायला लोक जातात. नरहरपंतांचे नाव तेथे उच्चारले जाते ते मुलाच्या नावातूनच: विनायक नरहर भावे. मराठी नावांची ही रीत मला फार आवडते. मुलगा कितीही दूर गेला, संन्यासी झाला, तरी बापाला तो नावाच्या मध्यभागी घेऊन फिरतो.

आता पेणहून रोह्याकडे जाऊ. दिवा–रोहा गाडीत बसले की कासू आणि नागोठणे मागे टाकून गाडी कुंडलिकेच्या काठच्या या गावी पोहोचते. रोहे–अष्टमी हे जुळे गाव. धावीर महाराजांच्या पालखीला पोलीस मानवंदना देतात ते हेच गाव, आणि स्वाध्याय परिवाराचे पांडुरंगशास्त्री आठवले १९२० मध्ये जन्मले तेही हेच. परंतु रोह्याचे म्हणून ज्या गृहस्थाचे स्मरण आज करायचे ते चिंतामण द्वारकानाथ देशमुख.

विनोबांचा आणि त्यांचा जन्म अवघ्या चार महिन्यांच्या अंतराने झाला. १४ जानेवारी १८९६, संक्रांतीचे दिवस, रायगड किल्ल्याच्या परिसरातील महाडजवळचे नाते हे गाव. वडील द्वारकानाथ वकील, आई भागीरथीबाई अत्यंत श्रद्धाळू. बालपणाचा मोठा काळ रोह्याशी जोडलेला. एकाच जिल्ह्यातले, एकाच पिढीतले, संस्कृतवर सारखेच प्रेम करणारे दोन मुलगे. एकाने परीक्षेला जाणारी गाडी अर्ध्यावर सोडली आणि दुसऱ्याने एकही परीक्षा सोडली नाही. १९१२ च्या मॅट्रिकला चिंतामण पहिला आला आणि संस्कृतसाठी असलेली पहिली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्याला मिळाली. पुढे केंब्रिजच्या जीझस कॉलेजात त्याने वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र घेतले, आणि १९१७ मध्ये वनस्पतिशास्त्रातले फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळवले. १९१८ मध्ये लंडनला झालेल्या आय.सी.एस. परीक्षेतही तो पहिलाच होता.

त्यानंतरचा अधिकारपदांचा प्रवास सर्वज्ञात आहे, तो झरझर सांगतो. मध्य प्रांत आणि वऱ्हाडात सुमारे २१ वर्षे नोकरी, १९३९ मध्ये रिझर्व्ह बँकेत प्रवेश, ११ ऑगस्ट १९४३ रोजी बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९४४ ची ब्रेटन वुड्स परिषद, १९५० ते १९५६ देशाचे अर्थमंत्री, मग विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष, मग दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू, १९५९ चा मॅगसेसे पुरस्कार, १९७५ चे पद्मविभूषण. आपल्या व्यापारी वाचकांनी एक गोष्ट मात्र ध्यानात घ्यावी. १९४३ नंतरच्या नोटांवर गव्हर्नर म्हणून जी पहिली भारतीय सही आली ती या रोहेकराची होती. रोह्याच्या बाजारपेठेत तांदळाचा आणि कापडाचा व्यवहार करणाऱ्या आपल्या पूर्वजांच्या गल्ल्यात रोज संध्याकाळी त्यांच्याच गावच्या माणसाच्या सहीची थप्पी मोजली जात असणार.

हे झाले पदांचे. माणसाचे काय? १९२० मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये रोझिना यांच्याशी विवाह केला. त्यांना एक कन्या झाली, तिचे नाव प्रिमरोज. इंग्लंडात वसंताच्या आरंभी फुलणाऱ्या फुलाचे ते नाव आहे. वनस्पतिशास्त्राच्या पारितोषिकविजेत्याच्या घरात ते शोभले यात शंका नाही. सुमारे तीस वर्षांचा संसार झाला. १९४९ हे वर्ष देशमुखांच्या आयुष्यात एकाच वेळी दोन अंत घेऊन आले. त्याच वर्षी रोझिना गेल्या आणि ३० जूनला रिझर्व्ह बँकेची कारकीर्द संपली. वय ५३. घर आणि कचेरी, दोन्ही दारे एकदम लागली.

अशा वेळी माणसाजवळ पदाबाहेरचे काही असावे लागते. देशमुखांजवळ ते होते. बागकाम हा त्यांचा आयुष्यभराचा छंद. मातीत हात घालून रोप लावणारा अर्थमंत्री आपल्या देशाने फारसा पाहिलेला नाही. दुसरे प्रेम संस्कृतवर. कालिदासाचे ‘मेघदूत’ त्यांनी मराठी पद्यात उतरवले. गांधीजींची निवडक वचने संस्कृत श्लोकांत बांधून त्यांनी ‘गांधीसूक्तिमुक्तावली’ रचली. अर्थमंत्रिपद सोडल्याच्या पुढच्याच वर्षी, १९५७ मध्ये ती प्रसिद्ध झाली. स्वतःच्या संस्कृत कवितांचा ‘संस्कृत काव्यमालिका’ हा संग्रहही त्यांच्या नावावर आहे. तिसरी ओढ आकडेशास्त्राची. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचे अध्यक्षपद त्यांनी १९४५ ते १९६४ अशी जवळजवळ दोन दशके सांभाळले. फुलझाडे, श्लोक आणि आकडेवारी: या तिघांचा एकमेकांशी काय संबंध, असे कोणी विचारील. मला वाटते, तिन्ही ठिकाणी घाई चालत नाही.

१९५० मध्ये योजना आयोग स्थापन झाला. देशमुख त्याचे सदस्य होते आणि दुर्गाबाईही होत्या. दुर्गाबाईंची कथा एका स्वतंत्र लेखाची आहे, तरी थोडे सांगितल्यावाचून राहवत नाही. आंध्रातली ही कन्या, आठव्या वर्षी तिचे लग्न लावलेले. मोठी झाल्यावर तिने तो विवाह नाकारला आणि पतीला दुसरे लग्न करण्याची मोकळीक दिली. १९२३ च्या काकीनाडा काँग्रेसच्या वेळी खादी प्रदर्शनाच्या दारावर ती स्वयंसेविका होती. तिकीट नाही म्हणून तिने पंडित नेहरूंना आत सोडले नाही. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवास, पुढे वकिली, १९३७ मध्ये आंध्र महिला सभेची स्थापना, संविधान सभेचे सदस्यत्व. तिच्या पूर्वीच्या पतीचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या विधवा पत्नीला आधार द्यायला हीच दुर्गाबाई पुढे आली. क्षमा या शब्दाचा उच्चार न करता केलेली ही क्षमापना म्हणावी लागेल.

जानेवारी १९५३ मध्ये चिंतामणराव आणि दुर्गाबाई यांचा विवाह झाला. वराचे वय ५७, वधूचे ४३. साक्षीदारांत पंडित नेहरू होते. तीस वर्षांपूर्वी ज्यांना तिने दारावर अडवले, तेच. त्या काळी देशाच्या अर्थमंत्र्याने अशा वयात, प्रांत, भाषा आणि जात ओलांडून विवाह करणे ही सामान्य गोष्ट नव्हती. आपल्या समाजात आजही विधुराने किंवा विधवेने उतारवयात सोबत शोधली तर कुजबुज होते; मुलेच सर्वांत आधी नाराज होतात, आणि त्या नाराजीत मालमत्तेचा हिशेब किती आणि आईची आठवण किती, हे त्यांचे त्यांनाही ठाऊक नसते. नरहरपंतांनी एकांत पत्करला आणि तो संगीताने भरला. चिंतामणरावांनी सोबत पत्करली. दोघांत अधिक योग्य कोण, असा प्रश्न मी करणार नाही; अनेकांत मानणाऱ्याने तो करूच नये. दोघांनीही आपले दुःख दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवले नाही, हे मला मोठे वाटते.

दुर्गाबाईंनी पुढे आपल्या सहजीवनावर पुस्तक लिहिले. त्याचे नावच ‘चिंतामण अँड आय’. ‘सर’ नाही, ‘डॉक्टर’ नाही, ‘माजी अर्थमंत्री’ नाही, नुसते चिंतामण.

परिग्रह-परिमाण हे व्रत आपण धन, धान्य, घर, सोने यांपुरते समजतो. पदही परिग्रहच आहे, आणि त्याचे परिमाण ठेवणे सोन्याहून कठीण. १९५२ मध्ये कुलाबा मतदारसंघातून, म्हणजे आपल्या पेण-रोह्याकडून, देशमुख लोकसभेवर निवडून गेले. त्यांच्या कारकीर्दीत १ जुलै १९५५ रोजी इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली, १९५६ च्या आरंभी आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. मंत्रिमंडळात त्यांचे वजन होते. आणि त्याच वर्षी मुंबई महाराष्ट्रापासून तोडून केंद्रशासित करण्याचा घाट घातला गेला. मुंबईत गोळीबार झाले होते, माणसे मेली होती. देशमुखांनी राजीनामा दिला, आणि जुलै १९५६ मध्ये लोकसभेत उभे राहून आपली कारणे स्पष्ट शब्दांत मांडली: एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळाला विश्वासात न घेता झाला आणि गोळीबाराच्या चौकशीची मागणी धुडकावली गेली. ज्यांनी तीन वर्षांपूर्वी त्यांच्या लग्नाला साक्षीदार म्हणून सही केली होती, त्याच पंतप्रधानांसमोर ते हे बोलत होते. मैत्री मोडायची नाही आणि सत्यही सोडायचे नाही, ही तारेवरची कसरत होती. घरी बाग होती, श्लोक होते, दुर्गाबाई होत्या. म्हणूनच ते खुर्चीवरून इतक्या सहजपणे उठू शकले असावेत, असे मला नेहमी वाटते. ज्याच्याजवळ खुर्चीखेरीज दुसरे काहीच नसते, त्याच्या हातून ती सुटत नाही. ग्रामपंचायतीपासून विश्वस्त मंडळांपर्यंत याची उदाहरणे आपल्या डोळ्यांसमोर आहेत. देरासरांच्या विश्वस्तांविषयी तूर्त मौन पाळतो.

त्यानंतरची वर्षे कामाचीच होती. विद्यापीठ अनुदान आयोग त्यांनी १९६१ पर्यंत सांभाळला. दिल्लीत लोदी उद्यानाच्या शेजारी इंडिया इंटरनॅशनल सेंटर उभे राहिले, त्याच्या संस्थापकांत ते अग्रभागी होते. दुर्गाबाई केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या होत्या, पुढे त्यांनी सामाजिक विकास परिषद स्थापन केली. १९६९ मध्ये देशमुख राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीला उभे राहिले आणि तिसरे आले. या पराभवाने त्यांच्या दिनक्रमात काही फरक पडला असेल असे वाटत नाही. १९७४ मध्ये त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्याचे नाव ‘द कोर्स ऑफ माय लाइफ’, म्हणजे माझ्या आयुष्याचा ओघ. कुंडलिकेच्या काठी वाढलेल्या माणसाला ओघ हा शब्द सुचावा, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही.

रोह्यात कोकण एज्युकेशन सोसायटीच्या वाणिज्य महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे. आपल्या समाजाची कितीतरी मुले-मुली तेथे शिकून पदवीधर झाली. त्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल की ज्यांच्या नावाच्या महाविद्यालयात आपण जमाखर्च शिकलो, ते स्वतः फुलझाडांचे विद्यार्थी होते?

ज्यांच्या घरात अलीकडे कोणी गेले असेल, त्यांना एक विनंती आहे. श्रद्धांजलीचा मजकूर पाठवताना एक ओळ विशेषणांची कमी करा आणि एक ओळ त्यांच्या छंदाची घाला. जुन्या नाण्यांची पुरचुंडी असेल, रेडिओवरच्या गाण्यांची वही असेल, गच्चीवरच्या कुंड्या असतील, सामायिकाची घटका संपल्यावर नातवाशी खेळलेला बुद्धिबळाचा डाव असेल. शक्य झाले तर एक ओळ त्यांच्या रागाचीही घाला. आणि ज्यांच्या घरातून मुलगा वा मुलगी संयमाच्या मार्गाने गेली आहे, त्या घरी या महिन्यात एकदा जाऊन या. पत्रिकेची वाट पाहू नका.

देशमुख दांपत्याची अखेरची वर्षे हैदराबादेत गेली. ९ मे १९८१ रोजी दुर्गाबाई गेल्या. चिंतामणरावांच्या वाट्याला दुसऱ्यांदा एकटेपण आले, तेव्हा ते ८५ वर्षांचे होते. २ ऑक्टोबर १९८२ रोजी, गांधीजयंतीच्या दिवशी, त्यांनी देह ठेवला. तिकडे वर्ध्याजवळ पवनारच्या आश्रमात गागोद्याचे विनोबा आजारी होते. नोव्हेंबरात त्यांनी अन्न, पाणी आणि औषध घेणे थांबवले. आपल्यातील अनेकांना त्यात संथाऱ्याचे रूप दिसले. रोह्याचा गृहस्थ गेल्यानंतर ४४ दिवसांनी, १५ नोव्हेंबरला, पेणकडचा विरागी गेला. तो दिवाळीचा दिवस होता, भगवान महावीरांच्या निर्वाणाचा.